गोफण, टॉकबॅक आणि चिकात आलेली जवारी

‘राखण’ हा माझा गेम आता अँड्रॉइडवरही मिळायला लागलाय. विंडोजवर तो आधीपासून होता, ब्राउझरमध्येही उघडतो. तिन्हीकडं नेताना कोड फारसा हलला नाही. बदलावा लागला तो खेळच, आणि तोही कोड लिहायच्या आधी. नांदेड-परभणीकडची दोन-चार पोरं सारखी विचारतायत, “सर, आम्हालाबी असा गेम करायचाय, कोणती भाषा शिकू?” त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. भाषेचा प्रश्न फार पुढचा आहे.

ज्यांनी तो खेळला नाही त्यांच्यासाठी: राखण हा नुसत्या आवाजाचा गेम आहे. स्क्रीनवर काळी खिडकी, बाकी काही नाही. औसा तालुक्यातलं रान, जानेवारीचा महिना, जवारी चिकात आलेली, तुम्ही मचाणावर आणि हातात गोफण. थवा कुठं उतरला ते कानानं हेरायचं, त्या अंगाला वळायचं, गोफण फिरवायची आणि गुंडा, म्हणजे गोफणीतला दगड, सोडायचा. दिवसभरात किती दाणा वाचला त्यावर गुण. पुढच्या पातळ्यांत राघू येतात, साळुंक्या येतात, आणि अंधार पडला की रानडुकरं. अंधार पडला हे अर्थात कीटकांच्या किरकिरीवरून कळतं.

मला स्वतःला दिसत नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोसा. शाळेत असताना संध्याकाळचं दिसेना, कॉलेज संपेपर्यंत दिवसाचंही गेलं. दिवसा लातुरात एका बँकेत काउंटरमागं बसतो, रात्री हे उद्योग करतो. घरात कीबोर्डचा आवाज नको म्हणून गच्चीवरच्या खोलीत.

आवाजाचे गेम ही काही नवी गोष्ट नाही. १९९७ साली जपानमध्ये केंजी एनो यांच्या वार्प कंपनीनं सेगा सॅटर्नसाठी चित्रच नसलेला गेम काढला होता. दिसणाऱ्यांनी आणि न दिसणाऱ्यांनी तो अगदी सारखाच खेळावा हीच त्यामागची कल्पना. पण आमच्यासारख्यांची खरी शाळा म्हणजे विंडोज. अंध लोकांनीच केलेले, अंध लोकांनीच खेळलेले गेम तिथं ढिगानं आहेत, आणि त्यातले कित्येक बीजीटीत लिहिलेले. बीजीटी म्हणजे ब्लास्टबे गेम टूलकिट, स्वीडनच्या फिलिप बेनेफॉल यांनी केलेलं. आवाज वाजव, बटण ऐक, मेनू वाचून दाखव, एवढं सगळं त्यात तयार होतं. मीही ‘जर-तर’ तिथंच शिकलो. पण ते फक्त विंडोजपुरतं. पुढं त्याचं काम थांबलं, आणि त्यातून बनवलेली फाईल दिसली की अँटिव्हायरसना उगाच वास यायला लागला. आता त्याच वळणाचं एनव्हीजीटी आहे, सॅम टुपी यांनी सुरू केलेलं, कोड सगळ्यांना खुला. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड अशा सगळ्यांसाठी त्यातून गेम निघतो. नव्या पोरांनी तिथूनच सुरुवात करावी हे माझं स्पष्ट मत. मी सी प्लस प्लस ही भाषा, कळा-बोटं सांभाळणारं एसडीएल आणि आवाज सांभाळणारं ओपनएएल सॉफ्ट घेऊन बसलो, कारण मला अँड्रॉइडमध्ये बोटाच्या हालचालीला अगदी खालपर्यंत हात घालायचा होता. कामून, ते पुढं येतंच.

मोठ्या गेम इंजिनांबद्दलही विचारतात म्हणून: सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या गोडो ४.५ मध्ये स्क्रीन रीडरचा, म्हणजे पडद्यावरचं बोलून वाचणाऱ्या प्रोग्रामचा, आधार आला आहे, युनिटीतही फोनवरच्या स्क्रीन रीडरसाठी सोय झाली आहे. चांगलंच झालं. पण गेम खेळणाऱ्याला वाचता येणं वेगळं आणि गेम करणाऱ्याला एडिटर वाचता येणं वेगळं. माउसनं ओढून ठेवा, माउसनं जोडा, अशा एडिटरात माझा वेळ जातो. साध्या टेक्स्ट फाईलला मात्र डोळ्यांची गरज नसते.

आता रानात येऊ.

इंटरनेटवर चिमण्यांचे आवाज पैशाला पासरी मिळतात, पण त्यांच्यामागं परदेशातल्या बागा ऐकू येतात. मला जवारीच्या धाटांची सळसळ हवी होती. धाट हिरवं असताना सळसळ मऊ असते, कडबा होत आला की तीच खरखरीत होते, आणि गावातलं कुणीही ते डोळे मिटून सांगेल. म्हणून मग तात्यांच्या, म्हणजे चुलत्यांच्या, रानात रेकॉर्डर घेऊन गेलो. वाऱ्यापासून माईक वाचवायला जुन्या घोंगडीचा तुकडा गुंडाळला. वेळ पहाटेचीच धरावी लागते. दिवस वर आला की ट्रॅक्टर, दुपारी कुणाच्या तरी लग्नाचा डीजे, आणि रात्री लाईट आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू.

तात्यांनी उभी उमर राखण केलेली. गेम म्हणजे काय हे त्यांना पोराच्या मोबाईलमुळं माहीत होतं, त्यामुळं समजावून सांगायला वेळ लागला नाही. पहिला नमुना त्यांना हेडफोन लावून ऐकवला तर म्हणाले, “अरं, चिमणी एकली कवा येती व्हय? थव्यानं येतेत त्या. आन् उतरायच्या आधी लिंबावर बसतेत, मग एक खाली येती, मग सगळ्या.” गेमचा सगळा डाव त्या एका वाक्यावर उभा आहे. आधी लिंबावर किलबिल वाढते, तेव्हा तुम्ही तयारी करायची. मग एका पंखाची फडफड खाली येते, आणि त्यानंतर दोन श्वासांत सगळा थवा. ती पहिली फडफड ओळखणारा खेळाडू जिंकतो.

आवाज कुठून आला हे कान मुख्यतः दोन खुणांवरून ठरवतात. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा उशीर जास्तीत जास्त किती, तर मिलिसेकंदाच्या पाऊण हिश्श्याहूनही कमी. दुसरी खूण अशी की मध्ये डोकं येतं, म्हणून पलीकडच्या कानाला तो दबका ऐकू येतो. जाड आवाजाला पहिली खूण उपयोगी पडते, पातळ आवाजाला दुसरी. साधारण दीड हजार हर्ट्झच्या आसपास एकीचं काम दुसरीकडं जातं. त्यामुळं डुकराचं गुरगुरणं आणि चिमणीची चिवचिव मेंदू वेगवेगळ्या वाटांनी शोधत असतो. याशिवाय बाहेरच्या कानाच्या वळ्यांमुळं आवाजात जे बारीक फरक पडतात, त्यांवरून पुढचं, मागचं, वरचं, खालचं कळतं. हे सगळं मोजून तयार केलेल्या गणिताला एचआरटीएफ म्हणतात. ओपनएएल सॉफ्टमध्ये ते फुकट आहे आणि साध्या हेडफोनवर चालतं. फक्त आवाजाची फाईल मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेली, पाहिजे. स्टिरिओ फाईल ओपनएएल जागेवर ठेवत नाही, आहे तशी वाजवून टाकतो. नव्यानं करणाऱ्यांना हे न कळल्यामुळं चिमणी सगळीकडंच ऐकू येते आणि ते गणिताला शिव्या देत बसतात.

पण गणितातला कान सरासरी माणसाचा. तुमच्या-माझ्या कानाच्या वळ्या त्याला ठाऊक नाहीत. म्हणून डावं-उजवं झकास कळतं आणि पुढचं-मागचं फसतं. नाकासमोरची चिमणी आणि पाठीमागची चिमणी दोन्ही कानांत सारख्याच वेळी, सारख्याच जोरानं पोचतात. खऱ्या रानात आपण काय करतो? मान वळवतो. उजवीकडं वळल्यावर समोरचा आवाज डावीकडं सरकतो आणि मागचा उजवीकडं. झाला निकाल. तेव्हा राखणमध्ये वळणं ही जास्तीची सोय नाही, ऐकण्याचाच भाग आहे. जागचं न हलता गुंडा मारणारा खेळाडू अर्धे गुंडे पाठीमागच्या चिमण्यांसाठी समोर फेकतो. शिवाय मागच्या आवाजाची धार मी थोडी कमी केली आहे. तो निसर्ग नाही, संकेत आहे. पण कान तो पटकन शिकतो.

वळत राहिल्यावर माणूस दिशा विसरतो, त्यावर उपाय रानातच सापडला. हल्ली गोफणीपेक्षा चमकणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बांधायची पद्धत जास्त आहे. वारा लागला की त्या घुंऽऽ करत थरथरतात. तशी एक पट्टी गेममध्ये कायम बांधाकडं बांधलेली आहे. ती समोर ऐकू आली की तुमचं तोंड बांधाकडं. दुसऱ्या अंगाला मोटार ठेवणार होतो, पण मोटारीची घुरघुर ही एकसुरी, पन्नास हर्ट्झच्या विजेवरची, आणि असा सपाट सूर कुठून येतोय हे कानाला नीट धरता येत नाही. पाटात पडणाऱ्या पाण्याचं तसं नाही. त्यात जाड-पातळ सगळे सूर एकदम असतात, ते बरोबर बोट दाखवतं. म्हणून गेममध्ये मोटार काढून टाकली आणि नुसतं पाणी ठेवलं. तात्यांनी विचारलंच, “मोटार बंद आन् पाणी चालू?” म्हटलं, शेजाऱ्याची मोटार लांब आहे असं समजा.

हे झालं कानाचं. आता बोटांकडं येतो. एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर नेताना जो घोळ होतो तो सगळा इथला.

दिसणाऱ्या माणसाच्या गेमला कळ दाबली की कळ मिळते, बोट टेकवलं की बोट मिळतं. आमच्याकडं मध्ये स्क्रीन रीडर असतो. तो म्हणजे बँकेच्या दारातला शिपाई: प्रत्येक कळ, प्रत्येक बोट आधी तो बघणार आणि आपल्या कामाचं असेल तर ठेवून घेणार. विंडोजवर एनव्हीडीए असेल तर इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक त्याची. कंट्रोल दाबली की तो बोलायचा थांबतो. शिफ्ट पाचदा दाबली की विंडोज स्टिकी कीजबद्दल विचारायला येतं. ऑल्ट दाबली की मेनूकडं धाव. मॅकवर कंट्रोल आणि ऑप्शन मिळून व्हॉइसओव्हरच्या, म्हणजे तिथल्या स्क्रीन रीडरच्या. लॅपटॉपवर एफवाल्या कळा आवाज कमी-जास्त करण्यात गुंतलेल्या. उरतं काय? बाण, स्पेस, एंटर आणि अक्षरं. ब्राउझरमध्ये अक्षरंही जातात, कारण एनव्हीडीए तिथं वाचनाच्या तऱ्हेत असतो आणि एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी मारतो. पानाला ‘हे अॅप्लिकेशन आहे’ असं सांगणारी भूमिका दिली तर कळा गेमला मिळतात. हीच सूचना सगळ्या पानाला लावून ठेवली तर मात्र खाली लिहिलेली माहिती वाचणं अवघड होऊन बसतं. ती फक्त खेळाच्या चौकटीला लावायची.

स्वस्त कीबोर्डची आणखी एक खोड. तीन कळा एकदम धरल्या की तिसरी पोचतच नाही. डावा बाण, वरचा बाण आणि स्पेस हे त्रिकूट त्यासाठी बदनाम आहे. शाळांत, सायबर कॅफेत, तालुक्याच्या दुकानात मिळणारे कीबोर्ड सगळे याच जातीचे. त्यामुळं ज्या गेममध्ये पळत, वळत गोळी मारायची, तो आमच्याकडच्या कीबोर्डवर खेळाडूलाच मारतो.

आणि फोन. टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, चालू असताना एका बोटानं पटकन सरकवलं तर ती टॉकबॅकसाठी आज्ञा ठरते: पुढचं बटण, मागचं बटण. गेमपर्यंत काही येत नाही. म्हणून बरेच अँड्रॉइड ऑडिओ गेम सुरू होतानाच सांगतात, टॉकबॅक बंद करा. आवाजाच्या दोन्ही कळा काही सेकंद धरल्या की तो बंद होतो, ही सोय करून ठेवलेली असली की झालं. सोपं वाटतं. पण गेम चालू असताना आईचा फोन आला तर? टॉकबॅक बंद, हिरवं बटण कुठं कळत नाही, पोरगं काच चाचपतंय आणि रिंग वाजून जाते. आपल्या गेमसाठी माणसाची काठी काढून घ्यायची, हे मला पटलं नाही.

त्यातून वाट अशी निघाली. टॉकबॅक चालू असताना बोट टेकवून सावकाश फिरवलं, तर तो त्याला चाचपणं समजतो, आणि चाचपणाऱ्या बोटाची जागा अॅपला ‘हॉव्हर’ म्हणून कळवत राहतो. बोट उचललं की तेही कळवतो. म्हणजे तीन गोष्टी हमखास पोचतात: बोट टेकलं, बोट हळू सरकलं, बोट उठलं. आणि गोफण तरी काय असते? धरा, फिरवा, सोडा.

राखणचा सगळा खेळ मग या तीन क्रियांत बसवला. बोट टेकवलं की गोफण डोक्याभोवती फिरायला लागते, तिचा सूंऽऽसूंऽऽ आवाज डाव्या कानातून मागं, मागून उजव्या कानात. जितकं धरून ठेवाल तितका गुंडा लांब जाणार. बोट डावी-उजवीकडं सरकवलं की तुम्ही वळता. उचललं की गुंडा सुटला. कीबोर्डवर स्पेस म्हणजे बोट टेकवणं, बाण म्हणजे वळणं. एका वेळी दोनच कळा, कोणताही कीबोर्ड त्या पोचवतो. आयफोनवर व्हॉइसओव्हरमध्ये ‘थेट स्पर्श’ म्हणून पडद्याचा भाग राखून ठेवता येतो, तिथं तर याहून सोपं होईल. अँड्रॉइडवर टॉकबॅक बोट ओळखायला किंचित वेळ घेतो, म्हणून गोफण क्षणभर उशिरा फिरायला लागते. खरी गोफणही लगेच वेग धरत नाही, त्यामुळं ते कुणाला खटकत नाही.

पोरांना मी हेच सांगतो. आधी कागदावर, म्हणजे आपल्या टेक्स्ट फाईलमध्ये, लिहून काढा की तुमच्या खेळाची मूळ क्रिया प्रत्येक स्क्रीन रीडरखालून गेमपर्यंत पोचते का. नसेल पोचत तर भाषा कोणतीही घ्या, दर यंत्रासाठी वेगळा गेम करत बसाल.

ब्लूटूथचा त्रास मात्र पुरता सुटलेला नाही. साधा ब्लूटूथ हेडफोन आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा कानात घालतो. तात्यांचं म्हणणं, गोफणीत सगळं कसब सुटण्याच्या क्षणात असतं. गोफण फिरता फिरता कुठं आहे त्यावर गुंडा कुठं जाणार ते ठरतं. बरोबर आहे. पण ब्लूटूथवर ऐकू येणारी गोफण आणि गेमच्या हिशेबातली गोफण यांत पाव फेरा अंतर पडतं. म्हणून नेहमीच्या खेळात दिशा तुमच्या तोंडावरून ठरते, आणि वायरचा हेडफोन असणाऱ्यांसाठी ‘अस्सल गोफण’ नावाची वेगळी तऱ्हा ठेवली आहे, तिथं तात्यांचा नियम चालतो. ती अवघड आहे. मुद्दाम अवघड ठेवली आहे.

बोलण्याबद्दल थोडक्यात, कारण राखण खेळताना फारसा बोलतच नाही. ‘डावीकडं चिमण्या उतरल्या’ हे वाक्य म्हणायला दीड सेकंद लागतो. तोवर कणीस साफ. कानाला जे आपोआप कळतं ते शब्दांत सांगायचं नाही, हा माझा नियम. बोलणं मेनूत, निकालात, आणि खेळाडूनं विचारलं तर. तेव्हाही आवाज खेळाडूचा स्वतःचा असावा. एनव्हीडीए २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केलेला, फुकट, त्यामुळं आमच्याकडं बहुतेकांकडं तोच. त्याच्याकडं मजकूर पाठवला की तो खेळाडूच्या ठरलेल्या वेगानं वाचतो. आमच्यातले काही जण ई-स्पीकचा मराठी आवाज इतक्या वेगात ऐकतात की शेजारच्याला मिक्सर चालू आहे असं वाटावं. त्यांना एखाद्या निवेदिकेच्या गोड संथ आवाजात मेनू ऐकवणं म्हणजे शिक्षा.

स्क्रीन रीडर नसेल तर विंडोजच्या आवाजांकडं जावं लागतं, आणि तिथल्या इंग्रजी आवाजाला देवनागरी मजकूर दिला तर तो तक्रारही करत नाही, नुसता गप्प बसतो. त्यामुळं मराठी किंवा हिंदी आवाज आहे का हे आधी तपासायचं. नसेल तर माझ्या बहिणीच्या आवाजातला मेनू वाजतो. अँड्रॉइडवर मराठी आवाज असतो, पण कधी कधी त्याची फाईल उतरवलेली नसते, तेही विचारून घ्यायचं. वेगात ऐकताना एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत गल्लत होते, म्हणून गुण टक्क्यांत न देता पोत्यांत आणि पायल्यांत दिले. ‘तीन पोती, दोन पायल्या’. पायली म्हणजे किती हे पोरांना माहीत नाही, पण तीन पोती म्हणजे बरं पिकलं एवढं कळतं.

चाचणी करणाऱ्यांनी जे शिकवलं ते कोणत्या माहितीपत्रकात नव्हतं. परभणीच्या एका पोराला डावीकडचं काहीच सापडेना. वैतागून म्हणाला, “सर, तुमच्या रानात चिमण्या एकाच बाजूला उतरायल्यात.” त्याच्या इअरफोनची डावी बाजू कधीच गेली होती आणि तो उजव्यावरच वर्षभर काम भागवत होता. हॉस्टेलवर तर एक फोन, भोवती पाच जण, आणि आवाज स्पीकरवर. तिथं कुठलं डावं-उजवं. शिवाय घरात एकटं असताना पुष्कळ जण एक कान मुद्दाम मोकळा ठेवतात, दार वाजलं, दूध उतू गेलं तर कळावं म्हणून. म्हणून आता गेम सुरू होताना आधी डाव्या, मग उजव्या कानात एकेक टिचकी वाजते, आणि एकाच कानानं खेळणाऱ्यासाठी वेगळी सोय आहे: थवा जसजसा नाकासमोर येतो तसतसा त्याचा आवाज स्वच्छ होत जातो, बाजूला गेला की घोंगडीखालून आल्यासारखा. वळत राहायचं, सगळ्यात स्वच्छ वाटलं की सोडायचं. गंमत म्हणजे दोन्ही कान असलेलेही आता हीच सोय चालू करून खेळतात. बंद करा म्हणत नाही.

नांदेडचे एक संगीतशिक्षक मित्र आहेत, त्यांची तक्रार वेगळी. पातळी जिंकल्यावर वाजणारी धून त्यांना बांधावरच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या घुंकाराशी बेसूर लागत होती. मला ऐकू येत नव्हतं, त्यांना झोप येत नव्हती. धून अर्ध्या सुरानं खाली आणली.

दिसणाऱ्यांकडून एकच सूचना येते, सोपा ठेवा. ती प्रेमानं येते, पण ऐकायची नाही. परभणीचा तोच पोरगा रानडुकरांची पातळी पार करून माझ्याकडं पुढची मागत होता, तेव्हा माझी दिसणारी भाची अजून साळुंक्यांत अडकली होती. डोळे उघडे ठेवून खेळत होती, मिटून खेळली तरी फरक पडला नसता. “मामा, चित्रं कवा टाकणार?” म्हणून तिनं विचारलं. टाकणार नाही.

प्ले स्टोअरवर टाकण्याचं गणित माहीत असावं म्हणून सांगतो. खात्याचे २५ डॉलर, एकदाच. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत नाव ठेवलं पाहिजे. बारा माणसं गोळा करणं अवघड नाही. त्यांना चौदा दिवस टिकवणं अवघड. मधेच कुणाचा फोन फॉरमॅट होतो, कुणी नवीन ईमेल काढतं. मी व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोप पाठवून पाठवून त्यांना धरून ठेवलं. आयफोनसाठी दरवर्षी ९९ डॉलर आणि घरात मॅक पाहिजे. मॅक नाही. आयफोनवाले विचारत राहतात, विचारत राहा.

सध्या रोह्यांवर, म्हणजे नीलगायींवर, अडलोय. आमच्याकडं आता राघूंपेक्षा रोही आणि डुकरं जास्त नासाडी करतात, तेव्हा ती पातळी हवीच. पण डुक्कर गुरगुरतं, चिखलात फतक-फतक करतं, सहज सापडतं. रोही फारसा ओरडत नाही. “पाय वाजतेत फकस्त,” तात्या म्हणाले, “आन् कणीस मोडल्यालं.” येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळे रानात असतात, गोंगाट असतो, तेव्हा रोही येत नाहीत, आणि येतात तेव्हा मोटारी चालू असतात. कुणाकडं कोरड्या धाटांतून चालणाऱ्या रोह्याच्या पायांचं रेकॉर्डिंग असेल तर पाठवा. मोनो, ४४,१०० हर्ट्झ, आणि मागं मोटार नको.